पत्रास्तानचा दुसरा नागरिक

बंकट, तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही म्हणून तुझी वकील मंडळी माझ्यावर नाराज आहेत. मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. एकेक जण उठून तुझ्याविषयी बोलत होता. कोणी म्हणालं, कायद्याचा एवढा बारीक अभ्यास असलेला माणूस अंबाजोगाईत पुन्हा होणे नाही. कोणी म्हणालं, बंकटराव चाळीस वर्षं काळा कोट घालून उभे राहिले, पण एक अक्षर खोटं बोलले नाहीत. त्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, कारण ते खरं आहे. तू खोटं कधी बोलला नाहीस. माझ्या बाबतीत जे केलंस ते नुसते प्रश्न विचारून केलंस.

मग माझं नाव पुकारलं. "वकीलसाहेबांचे बालमित्र सुदाम सर." आता बालमित्र कशाचा? आपण भेटलो तेव्हा तुला मिशा होत्या आणि त्या तू दिवसातून चारदा विंचरायचास. मी उठलो, तुझ्या फोटोला हात जोडले आणि खाली बसलो. बाहेर चपला घालताना मागून ऐकू आलं, "अकरा वर्सं झाली, मानूस गेला तरी मास्तरचा राग जाईना." बरोबर आहे. जात नाही. जे तिथे बोललो असतो तर तुझ्या बायकोपोरीला मान खाली घालावी लागली असती, ते इथे लिहितो आहे.

तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. तुझी उलटतपासणी घ्यायची संधी मला कधी मिळाली नाही. आज तू हरकत घेणार नाहीस.

देवळामागच्या बोळातली ती पत्र्याची खोली. तू वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला, मी बी.एड.ला. उन्हाळ्यात दुपारी पत्रा असा तापायचा की भिंतीला पाठ टेकवत नसे. तुला व्याख्या पाठ होत नव्हत्या. कुठलाही कायदा उघडला की दुसऱ्या कलमात व्याख्यांची रांग, आणि सुरुवातीला तेच पालुपद: या कायद्यात, संदर्भावरून दुसरा अर्थ निघत नसेल तर. तू पुस्तक भिरकावलंस. ते माझ्या पिठाच्या डब्यावर आदळलं आणि मी वैतागून म्हणालो, "पाठ हुईना तर सोताच लिव की कायदा."

"कायदा लिवायला देश लागतो बे," तू म्हणालास.

मी वर पत्र्याकडे बोट केलं. त्या दिवशी पत्रास्तान जन्माला आलं. पूर्वेला घरमालकिणीचा हौद, पश्चिमेला बोळातली मोरी, लोकसंख्या दोन.

सराव पाठाच्या शाळेतून मी हजेरीची एक लांबुळकी कोरी वही आणली होती. तिच्या पहिल्या पानावर तू ठळक अक्षरात लिहिलंस, "पत्रास्तान संहिता". कलम एकसाठी धरलेलं पान फाटकं निघालं म्हणून ते सोडून दिलं, आणि आपण थेट कलम दोनवर आलो, व्याख्यांवर. नियमही तूच घातलास. व्याख्या आधी शिसपेन्सिलने लिहायची. तिच्यावर भांडायचं. दोघांचं जमलं तरच शाईने गिरवायची आणि खाली दोघांनी तारीख घालून सह्या करायच्या. एकाची सही नसेल तर ती व्याख्या कच्ची. दुरुस्तीलाही तोच नियम. वही एक महिना तुझ्याकडे, एक महिना माझ्याकडे.

लोकांना वाटेल हे वर्षभराचं खूळ असेल. तीस वर्षं चाललं ते. तुझं लग्न झालं, माझं झालं, तू कोर्टाजवळ ऑफिस थाटलंस, मी धर्मापुरीच्या अलीकडच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवू लागलो, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वही बगलेत मारून एकाने दुसऱ्याच्या घरी जायचं हे चुकलं नाही. आपल्या बायका आधी हसायच्या, मग चिडायच्या, मग त्या वहीसाठी वेगळी पिशवी शिवून झाली. एवढ्या वर्षांत कलम तीन काही उजाडलं नाही. आपल्या देशात गुन्हा नव्हता, कोर्ट नव्हतं, शिक्षा नव्हती. नुसत्या व्याख्या होत्या. आज तुला काय शिक्षा द्यावी असा विचार करत बसतो तेव्हा लक्षात येतं की त्या पानापर्यंत आपण पोचलोच नाही.

काही व्याख्या खरोखर झकास होत्या, हे मी रागातही कबूल करतो. "दुपार म्हणजे पत्रा तापल्यापासून मालकीण हौदावर भांडी घासायला येईपर्यंतचा काळ." "रस्ता म्हणजे ज्यावरून जाताना कोणाला विचारावे लागत नाही अशी जमीन." आणि खऱ्या कायद्यात असतात तसे खाली दृष्टांत द्यायचा नाद तुझा. क, ख, ग यांच्या गोष्टी. "पाहुणा" या शब्दाखाली तू लिहिलं होतंस: क हा ख च्या घरी ऐन जेवणाच्या वेळी येतो आणि 'सहज आलतो' असे म्हणतो. क पाहुणा आहे. त्या दिवशी तू स्वतःच माझ्याकडे ऐन जेवणाच्या वेळी आलतास आणि तीन भाकरी खाऊन गेलतास.

"वकील" ची व्याख्या माझी. "दुसऱ्याचे म्हणणे आपल्या तोंडाने मांडणारी व्यक्ती, त्यात स्वतःचे म्हणणे नसण्याचा समावेश होतो." तू पोट धरून हसलास आणि लगेच सही केलीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आणि "परका". ती आपण पहिल्याच वर्षी केली होती, अगदी पोरकट वयात. "परका म्हणजे पत्रास्तानचा दुसरा नागरिक कोण हे ज्याला कळू द्यायचे नाही अशी प्रत्येक व्यक्ती." वकिलीला गिऱ्हाईक लागायचं तर असलं खूळ बाहेर पडून चालणार नाही, असं तुझं म्हणणं. मी सही केली. माझं नाव उघड झालं तर मला फरक पडत नव्हता; मास्तर जरा सटकलेला असला तरी चालतो. तुझ्यासाठी केली.

एकच शब्द अडला होता. साक्षीदार. माझं म्हणणं सरळ होतं: साक्षीदार म्हणजे ज्याने पाहिले तो. तू म्हणायचास, "पाह्यलं त्यानं काय होतंय बे? साक्षीदार म्हंजी ज्याच्यावर कोर्टाचा इस्वास बसतो तो." दोन्ही व्याख्या एकाखाली एक, पेन्सिलने, पाच-सहा वर्षं तशाच पडून होत्या. पुसट झाल्या की आपण पुन्हा गिरवायचो, आपापली. त्या शब्दावर आपण माझ्या ओसरीत असे भांडलोय की शेजारच्यांनी येऊन विचारावं, वाटणीचं भांडण आहे का.

आता लिंबाजीकडे येतो. तुला नको असलं तरी.

लिंबाजी मेंढरं राखायचा. आमच्या शाळेच्या वाटेवर गायरान आहे, तिथे त्याच्या मेंढरांचा वाडा बसायचा. मी सकाळी मोटारसायकलवरून जाताना तो हात वर करायचा, तेवढीच आमची ओळख. त्या गायरानाला लागून त्या पुढाऱ्याचं शेत. नाव लिहीत नाही, तुला पाठ आहे. त्या सकाळी त्याचा पुतण्या आणि दुसरे दोघे लिंबाजीला मारत होते. गाडीतला लोखंडी पाना होता पुतण्याच्या हातात. मी पन्नास पावलांवर गाडी थांबवली. ओरडलो. पुतण्याने माझ्याकडे पाहिलं, अगदी सावकाश पाहिलं, आणि माझ्यादेखत शेवटचा घाव लिंबाजीच्या गुडघ्यावर घातला. गुडघा फुटल्याचा आवाज मी ऐकला. मी त्याला गाडीवर पुढे घालून दवाखान्यात नेलं.

त्या संध्याकाळी मी सगळ्यांत आधी तुझ्याकडे आलतो. आठवतं? माझ्या सदऱ्यावर डाग होते. मी तुला सगळं सांगितलं. पाना कुठल्या हातात होता, कोण कुठे उभं होतं, सगळं. तू एकदाही मध्ये बोलला नाहीस. शेवटी मी म्हणालो, "साक्ष द्यायची म्हणलं तर भ्याव वाटायलंय बंकट. मोठी मान्सं हायेत."

"कावून भेतो बे?" तू म्हणालास. "तू बगितलंस ना? मंग झालं. बगितलं ते सांगायचं, घरी यायचं. मी हाय ना."

मी हाय ना. मला तेवढं पुरलं. चौसाळ्याहून माझ्या मेहुण्यामार्फत त्या पुढाऱ्याचा निरोप आला की मास्तरांनी यात पडू नये, तरी मी पडलो. पोलिसांना जबाब दिला. आणि चार महिन्यांनी समजलं की पुतण्याच्या वतीने वकीलपत्र तू दाखल केलंस.

मी तुझ्या ऑफिसात आलो तेव्हा तू फायलीतून मान वर केली नाहीस. मी विचारलं, "ह्ये काय लावलंस?" तू म्हणालास, "दुसऱ्याचं म्हन्नं आपल्या तोंडानं मांडायचं. तूच लिवलंयस. सही बी हाय दोघांची." बाहेर पक्षकार बसले होते म्हणून मी आवाज चढवला नाही. तरी मनात एक आशा धरून होतो. वाटलं, बंकट आहे, काम म्हणून घेतलं असेल, मला दोन-चार इकडचे तिकडचे प्रश्न विचारून सोडून देईल. तुझ्याविषयी मी किती भोळा होतो हे आज लिहितानाही लाज वाटते.

सरतपासणी ठीक झाली. मी पाहिलं ते सांगितलं. लिंबाजी मागच्या बाकावर काठी धरून बसला होता, माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवत. मग तू उठलास. तुझ्या हातात ती पिशवी होती. आपल्या बायकांनी शिवलेली.

"सर, आपण नागरिकशास्त्र शिकवता?"

तू मला 'आपण' म्हणालास. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी हो म्हणालो.

"पत्रास्तान नावाचा देश कुठे आहे, कोर्टाला सांगाल?"

आधी कोणाला कळलंच नाही. मग मागे कोणीतरी खुदकन हसलं. सरकारी वकिलांनी उठून हरकत घेतली, तू शांतपणे म्हणालास की साक्षीदाराला काल्पनिक गोष्टी खऱ्या मानून वागायची सवय आहे काय, एवढंच मला पाहायचं आहे. तुला परवानगी मिळाली. तू वही काढलीस आणि हात लांब धरून, नको असलेली वस्तू धरावी तशी, पानं उलटलीस.

"हे अक्षर आपलं?"

"हो."

"या देशासाठी आपण किती वर्षं कायदा लिहीत आहात?"

"तीस."

आता सगळं कोर्ट हसत होतं. शिपाईसुद्धा.

"या देशाचे नागरिक किती?"

"दोन."

"एक आपण. दुसरा कोण?"

बंकट, तो प्रश्न तू विचारलास तेव्हा तुझ्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. मला एवढंच म्हणायचं होतं: दुसरे आपणच, वकीलसाहेब, उजव्या बाजूची सही पाहा. एवढं बोललो असतो तर तू तिथल्या तिथे आडवा झाला असतास. पण कोर्टात बसलेला प्रत्येक माणूस परका होता. आणि परक्याला दुसऱ्या नागरिकाचं नाव कळू द्यायचं नाही, यावर माझी सही होती. मी सही मोडणार नाही हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. म्हणून तर तू तो प्रश्न विचारलास.

मी म्हणालो, "सांगता येणार नाही."

"सांगता येणार नाही," तू सावकाश पुन्हा म्हणालास, लिहून घेणाऱ्याला नीट लिहिता यावं म्हणून. "म्हणजे हा दुसरा मनुष्य आपण खरोखर पाहिला आहे, की तोही आपल्या मनातलाच?"

उत्तराची वाट तू पाहिली नाहीस. तू बसलास. निकालात माझ्याविषयी दोन ओळी होत्या: साक्षीदार कल्पनाविश्वात रमणारा आहे, साध्या प्रश्नाचे उत्तर टाळतो, त्याच्या एकट्याच्या सांगण्यावर विसंबता येणार नाही. लिंबाजीचं सांगणं गायरानाच्या जुन्या वैरातलं ठरलं, आणि आमच्याशिवाय दुसरं कोणी साक्षीला आलंच नव्हतं. पुतण्या सुटला.

बाहेर चहाच्या गाड्यापाशी लिंबाजी माझी वाट पाहत उभा होता. मला वाटलं तो रडेल, शिव्या देईल. तो जवळ आला आणि अगदी हळू, माझा अपमान होऊ नये अशा बेताने म्हणाला, "सर, येक इचारू का? तुमी खरंच बगितलं व्हतं का?"

ज्याच्या गुडघ्यावर घाव बसला त्या माणसाने मला हे विचारलं. तू त्याचा गुडघा फोडला नाहीस, पण हा प्रश्न त्याच्या तोंडी तू घातलास. अकरा वर्षं मी तो ऐकतो आहे. शाळेत मुलं पुढे 'पत्रास्तान सर' म्हणू लागली त्याचं मला काही वाटलं नाही. निवृत्तीच्या समारंभात एका शहाण्याने त्यावर विनोद केला, तोही मी गिळला. हा प्रश्न तेवढा गिळवला नाही.

आणि एक गोष्ट मी कोणापुढे कबूल केलेली नाही, ती तुझ्यापुढे करतो. मी तुझ्यावर जितका चिडलो तितकाच स्वतःवर चिडलो आहे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होतो तेव्हा माझ्यासमोर दोन माणसं होती. एक लंगडा, एक तू. मी तुला सांभाळलं. पोरांचा खेळ होता तो, बंकट, पत्र्याच्या खोलीतला, आणि त्या खेळातली सही राखायला मी एका गरीब माणसाचा गुडघा वाऱ्यावर सोडला. तू दगाबाज होतास तर मी मूर्ख होतो, आणि माझ्या मूर्खपणाची किंमत लिंबाजीने मोजली.

त्यानंतर आपण बोललो नाही. तुझ्या मनीषाच्या लग्नाची पत्रिका आली, मी आहेर पाठवला, आलो नाही. बाजारात समोरासमोर आलो की तू मिशीवरून हात फिरवायचास, मी वांगी निवडायला लागायचो. वही त्या महिन्यात तुझ्याकडे होती ती तुझ्याकडेच राहिली.

राग एकसारखा राहत नाही, हीच तर पंचाईत आहे. माझी थोरली जन्मली तेव्हा तू दवाखान्याच्या जिन्यावर दोन दिवस बसून होतास. हिला रक्त लागलं तर तू बाही वर करून आत गेलास आणि बाहेर येऊन म्हणालास, "आता तुज्या बायकोला भांडायची खोड लागंल बे, माजं रक्त हाय." ही अजूनही भांडताना तुझं नाव घेते. तुझी बातमी आली त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही. मी तुला शिव्या देत अंगणात फेऱ्या मारत होतो आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की मी रडतो आहे. तुझ्यासाठी रडायचं मी ठरवलेलं नव्हतं.

तू नऊ दिवस दवाखान्यात होतास. मनीषाचा फोन आला होता: पप्पा तुमची आठवण काढतात. मी रोज फिरायला निघायचो तो त्या फाटकासमोरून. समोरच्या टपरीवर चहा घ्यायचो. चौथ्या दिवशी दोन घेतले. आत आलो नाही. मला तुझ्याकडून एकच वाक्य हवं होतं: सुदाम, तू पाहिलं होतंस. ते तू फोनवर पोरीकरवी सांगितलं असतंस तरी मी धावत आलो असतो. तू सांगितलं नाहीस, मी आलो नाही. दोघेही एकाच मातीचे.

दहावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मनीषा आली. तीच पिशवी हातात. म्हणाली, "काका, पप्पांनी सांगितलं होतं, तुम्ही दवाखान्यात आलात तरच ही द्यायची. तुम्ही आला नाहीत. तरी मी आणली. माझ्याच्यानं ठेववेना." पोरगी तुझ्यासारखी नाही. तुझ्या घरात तेवढं एक बरं झालं.

ती गेल्यावर मी वही उघडली. सगळं जसंच्या तसं. मी त्या अडलेल्या शब्दाच्या पानावर आलो. साक्षीदार. तुझी व्याख्या खोडरबराने पुसलेली होती. माझी शाईने गिरवलेली होती, तुझ्या अक्षरात: साक्षीदार म्हणजे ज्याने पाहिले तो. खाली दृष्टांत.

"क हा शिक्षक आहे. ख ला मारहाण होताना क ने पाहिले व त्याच दिवशी ते ग ला सांगितले. ग हा वकील आहे. क खरे बोलत आहे हे ग ला ठाऊक होते. कोर्टाने क वर विश्वास ठेवला नाही. क साक्षीदार आहे."

उजव्या बाजूला तुझी सही. डाव्या बाजूला माझी जागा कोरी.

मी ते किती वेळा वाचलं सांगता येत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा छातीवरचं ओझं खरंच उतरलं. दुसऱ्यांदा वाचताना अक्षर पाहिलं. तुझं अक्षर शेवटी शेवटी थरथरायचं, मनीषाच्या हाती दवाखान्यातून 'येऊन जा' एवढीच एक चिठ्ठी आली होती त्यात पाहिलंय मी. हे अक्षर घोटीव आहे. म्हणजे हे तू धडधाकट असताना लिहिलंस. कधी लिहिलंस ते कळू नये म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तारीख घातली नाहीस. लिहिलंस, सही केलीस आणि कपाटात ठेवून दिलंस. मग बाजारात मला पाहून मिशीवरून हात फिरवत राहिलास. इकडे मी वर्षानुवर्षं तो एक प्रश्न उशाला घेऊन झोपत होतो.

आणि कबुली दिलीस तीही क, ख, ग करून. मरतानासुद्धा वकीलच राहिलास, चोरा.

वही घेऊन मी लिंबाजीकडे गेलो. आता तो धर्मापुरीच्या पलीकडे असतो, देऊळ ओलांडलं की उजव्या अंगाला. मेंढरं मुलगा बघतो. लिंबाजी बाजेवर बसून लोकर निवडत होता, लंगडा पाय पुढे सरळ ठेवून. तो वाकतच नाही. चहा झाला. मी म्हणालो, काही वाचून दाखवायचं आहे. आणि वाचलं.

त्याने नीट ऐकलं. मग म्हणाला, "ह्यो ग कोन म्हनायचा?"

बंकट, मी आजवर हे कोणालाच सांगितलं नव्हतं. पिंजऱ्यात उभा असताना सांगितलं नाही, बायकोला ठाऊक होतं तरी तिच्याशीही कधी त्यावर बोललो नाही. लिंबाजीला सांगितलं. "ग म्हंजी बंकट वकील. त्यो दुसरा नागरिक त्योच व्हता. मी कोर्टात नाव घेतलं न्हाई. तवाच घ्याया पायजे व्हतं. माजी चूक झाली." आणि हात जोडले.

लिंबाजीने हातातली लोकर खाली ठेवली. बराच वेळ तो त्या पानाकडे पाहत राहिला; वाचता येत नाही, तरी पाहत राहिला. "म्हंजी तुमी बगितलं व्हतं," तो म्हणाला. मी म्हणालो, हो. "आन् त्याला बी म्हाईत व्हतं." मी म्हणालो, हो, त्याच दिवसापासून.

"मंग नावं कावून न्हाईत लिवली?"

मी म्हणालो, कायद्यात अशीच पद्धत असते. तो म्हणाला, "आमच्याकडं मेंढराला बी नाव असतंय सर." रागावून नाही, माहिती द्यावी तसं म्हणाला. मग जरा थांबून, "लिवा की मंग. माजं बी लिवा."

तिथेच बाजेवर बसून लिहिलं. क खोडला, सुदाम लिहिलं. ख खोडला, लिंबाजी लिहिलं, आणि त्याला बोटाने दाखवलं कुठे आहे ते. ग खोडला, आणि तिथे तुझं नाव घातलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, पुढे वकील, अंबाजोगाई. पुतण्याचं नाव तू दृष्टांतात घेतलंच नव्हतंस, 'मारहाण होताना' म्हणून निसटला होतास. तेही घातलं. पान भरून गेलं तेव्हा समासात लिहिलं. लिंबाजीने माझ्याकडून सगळं पुन्हा एकदा वाचून घेतलं, आणि प्रत्येक नावाला मान हलवली, त्या दिवशी मागच्या बाकावर हलवत होता तशी.

ही दुरुस्ती आहे, बंकट, आणि दुरुस्तीला दोघांच्या सह्या लागतात. नियम तुझा आहे. मी डावीकडे माझी सही केली, तारीख घातली. उजवीकडे तुझ्यासाठी जागा सोडली आहे. तुझी जुनी सही मी चालवून घेणार नाही, ती क, ख, ग च्या खाली केलेली आहे.

वही आता माझ्याकडे आहे. पेन त्याच पानात ठेवलं आहे.